तिसऱ्या लाटेपर्यंत

आमच्या क्लबात सत्तरीपुढच्या माणसांवर जो नियम आला तो रेमिहिओमुळे आला, आणि रेमिहिओला मी अजून माफ केलेलं नाही. एक्याऐंशी वर्षांचा हा बाबा हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हात क्लबाची रुंद होडी घेऊन एकटाच लुहान नदीवर गेला, वल्ही आत ओढली, टोपी तोंडावर घेतली आणि खुशाल झोपला. जागा झाला तेव्हा होडी फळबाजाराच्या धक्क्याला लागली होती, आजूबाजूला संत्र्यांच्या पेट्या उतरत होत्या आणि एक बाई त्याला विचारत होती, किती डझन देऊ. त्याने दोन डझन घेतली आणि टॅक्सीने परत आला. होडी तिथेच विसरला. आम्ही सगळे पोट धरून हसलो, पण क्लबाची कमिटी हसली नाही.

कमिटीतल्या डॉक्टरांनी नियम काढला. सत्तरी ओलांडलेल्या ज्या कुणाला नदीवर वल्हं हातात धरायचं असेल, त्याने दर वसंतात होडीघरातल्या वल्हवायच्या मशीनवर साडेपाच मिनिटांत हजार मीटर ओढून दाखवायचे. जमलं तर नदी. नाही जमलं तर पुढच्या वसंतापर्यंत धक्क्यावर बसून माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, पीत दुसऱ्यांच्या होड्या बघायच्या.

मी सुलेमा, वय बहात्तर, जन्म नदीच्या मुखातल्या बेटावरचा. चालायच्या आधी मी होडीत बसले, आणि शाळेतही होडीनेच गेले. एदेल्मिरा शेजारच्या ओढ्यावरची. मुली होतो तेव्हा आम्ही दोघी तिग्रे गावच्या या क्लबात आलो आणि तेव्हापासून दर रविवारी एका होडीत बसतो. नवरे आले, पोरं झाली, नवरे गेले, पोरं राजधानीत गेली, रविवार मात्र कुठे गेला नाही. जमिनीवर मी एक म्हातारी आहे. गुडघा कुरकुरतो, आणि जिना कसा उतरायचा ते लेक मला फोनवरून शिकवतो. पाण्यावर मला कुणी काही शिकवत नाही. नदी गेली तर माझ्याजवळ नुसता गुडघा उरणार होता.

ते मशीन म्हणजे एक कुठेच न जाणारी होडी. रुळावर सरकणारी बैठक, पायांना पट्टे, साखळीला बांधलेली दांडी आणि समोर पिंजऱ्यातला पंखा, जो ओढलं की घोंगावतो. पंख्याच्या बाजूला एक ते दहा आकड्यांचा खटका असतो. पहिल्याच दिवशी मी तो थेट दहावर नेला, कारण बेटावरच्या बाईने चारावर ओढायचं म्हणजे शोभत नाही. मग दोन्ही हातांनी जी ओढायला लागले ती पंखा रडेपर्यंत. थोड्या वेळाने पंखा राहिला बाजूला, मीच रडकुंडीला आले. हजार मीटर व्हायला सात मिनिटं लागली आणि उठताना मला एवारिस्तोने धरलं. एवारिस्तो आमचा होड्यांचा कप्तान, वय अडुसष्ट, म्हणजे नियमातून नेमका सुटलेला.

मी म्हटलं, मशीन बिघडलेलं आहे. एदेल्मिरा म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मग ती बसली आणि गाणं गुणगुणत पाच मिनिटांत हजार मीटर ओढून उठली. तिच्या मांड्या पुलाच्या खांबांसारख्या आहेत. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला की एवढी वर्षं आमची होडी त्या मांड्यांवर चालत होती आणि माझे हात शोभेला होते.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"पन्नास वर्षं झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"तू गप्पा छान मारतेस गं," एदेल्मिरा म्हणाली.

यावर मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही, आणि तिला दोन दिवस अजिबात करमलं नाही.

त्यात आली ओतिलिया. वय एकाहत्तर, राजधानीतली, नवरा गेल्यावर तिग्रेला राहायला आलेली, हातांवर गुलाबी हातमोजे. मशीनवरच्या शर्यतींत तिला तिच्या वयाच्या गटात पदकं मिळालेली, पण खऱ्या नदीत तिने कधी पाय बुडवलेला नव्हता. नवऱ्याने तिला तिग्रेला आणून होडीत बसवायचं वचन दिलं होतं आणि मग तो आज-उद्या करत राहिला. एकदा तिने मला सांगितलं की ती वीस वर्षं भिंतीकडे तोंड करून वल्हवते आहे. आमच्या क्लबात रिवाज असा की नवं माणूस पहिलं वर्षभर जुन्या माणसाच्या होडीतच बसतं, आणि जुन्यांच्या होड्यांत जागा नव्हती. एवारिस्तोने तिला सांगून टाकलं की सुलेमा नापास झाली तर एदेल्मिराच्या होडीत एक जागा होईल. हे त्याने माझ्यासमोर सांगितलं. कप्तान चांगला आहे, जिभेला मात्र सुकाणू नाही.

आणि दुसऱ्या दिवशी तीच ओतिलिया माझ्याकडे येऊन म्हणाली की मी तुम्हाला मशीन शिकवते. मला वाटलं, ही मला चुकीचं शिकवून कायमची आडवी करणार. एदेल्मिरालाही तेच वाटलं, पण तिचं म्हणणं, सात मिनिटांपेक्षा वाईट काय होणार. मी ओतिलियाला तोंडावर विचारलं की यात तुझा फायदा काय. ती म्हणाली, फुकट मिळालेल्या जागेवर बसायची मला सवय नाही, बसमध्येसुद्धा मी उभी राहते. उत्तर मला आवडलं. मोजे तरीही आवडले नाहीत.

आम्ही पहाटे जायचो, पहिली लाँच सुटायच्या आधी, होडीघराचे मोठे दरवाजे बंद करून. ओतिलियाने सर्वात आधी माझा खटका दहावरून चारावर आणला. मी परत वर नेला. तिने परत खाली आणला. ती म्हणाली, दहावर माणूस ओढत नाही, माणसाला पंखा ओढतो, आणि कंबर गेली की पदक डॉक्टरला मिळतं. मग तिने मला मशीनवर बसूच दिलं नाही. आठवडाभर नुसतं खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि हळू बसायचं. मी म्हटलं, मी काय शिक्षा झालेली शाळकरी पोर आहे का, उठ आणि बस. पण आठवड्याने जिना उतरताना गुडघा कुरकुरला नाही. लेकाला मी हे सांगितलं नाही, नाहीतर श्रेय तो घेईल.

मशीनवर माझं दुखणं एकच होतं. मला जायचीही घाई आणि यायचीही घाई. मी दांडी ओढायची आणि बैठकीसकट धाडकन पुढे येऊन आदळायची, मिनिटाला चाळीस वेळा. ओतिलिया बराच वेळ बघत राहिली.

"सुलेमाबाई," ती म्हणाली, "ढकलणं म्हणजे भांडायला जाणं. पायांनी जोरात जायचं, मग पाठ, शेवटी हात. परत येणं म्हणजे माफी मागायला येणं. आधी हात, मग पाठ, मग गुडघे. रमतगमत यायचं."

"मी कुणाची माफी मागत नाही."

"ते दिसतंच आहे. म्हणून तर धाप लागते."

आतापर्यंत माझ्याशी असं फक्त सासू बोलली होती. पण मी करून बघितलं. पायांनी भांडायला गेले, आणि पाय म्हणजे काय चीज असते ते मला बहात्तराव्या वर्षी कळलं. परतताना मनातल्या मनात एकेकाची माफी मागितली. नवऱ्याची मागितली, धाकट्या बहिणीची मागितली, ज्या मास्तरांच्या टोपीत मी बेडूक ठेवला होता त्यांचीही मागितली. माणसं संपेनात आणि धाप लागेना. मी हसायला लागले, ओतिलिया हसायला लागली, आणि हसताना दांडी सुटून पंख्यावर आपटली.

त्यानंतर मला वेडच लागलं. दोन दिवस ओढायचं, एक दिवस आराम, कारण आमच्या वयाला ताकद आरामात येते असं ओतिलियाचं म्हणणं. तिची ही शिकवण मी सर्वात मनापासून पाळली. ओढून झाल्यावर मेदियालुना, म्हणजे आमचे चंद्रकोरीसारखे गोड पाव, बंद आणि उकडलेली अंडी चालू. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून पाय-पाठ-हात करायची, चर्चमध्ये बाकावर बसून करायची, पाद्र्याला वाटलं मला भक्तीचा झटका आलाय. एदेल्मिरा मांडीवर हात मारून म्हणायची, बघू, खांब तयार झाले का. वेळ सातवरून सहावर आली, सहावरून पावणेसहावर, आणि परीक्षेच्या आठवड्यात एका पहाटे मी पाच मिनिटं पंचवीस सेकंदांत हजार मीटर संपवले. ओतिलियाने मोजे काढून टाळ्या वाजवल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता ही बाई काठावर राहणार, आणि टाळ्या तरी मनापासून वाजवते आहे. मला फार वाईट वाटलं. पण नदी मला सोडायची नव्हती.

परीक्षा शनिवारी सकाळी दहाला. रविवारी मोसमातली पहिली सहल ठरलेली. सगळा क्लब जमला होता, रेमिहिओ बाकावर, डॉक्टर मशीनपाशी, एदेल्मिरा हातात थर्मास आणि माते प्यायचा पोकळ भोपळा घेऊन माझ्या पाठीशी. ती पहिल्याच फेरीत पास होऊन बसली होती. शेजारच्या मशीनवर ओतिलिया, कारण नियम तिलाही होता. उकडत होतं म्हणून एवारिस्तोने नदीकडचे मोठे दरवाजे सताड उघडले.

मी सुरू केलं. खटका चारावर, दांडीवरची मूठ सैल, भांडायला जोरात, माफीला हळू. अर्धं अंतर गेलं तेव्हा मी वेळेच्या पुढे होते. एदेल्मिरा मागून कानात आकडे सांगत होती आणि तिचा आवाज चढत चालला होता. दोनशे मीटर उरले तेव्हा मला कळून चुकलं की मी पास होणार. आनंदाने माझे पाय आणखी हलके झाले.

आणि वळणावर लाँचचा भोंगा वाजला.

आता हे नदीवरच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण तिथे ओतिलिया होती म्हणून नंतर सांगावं लागलं. प्रवासी लाँच जवळून गेली की मागे तीन लाटा येतात. पहिली जाऊ, दुसरी नणंद, तिसरी सासू, असं माझी आई म्हणायची. भोंगा ऐकला की वल्हवणं थांबवायचं, वल्ह्यांची पाती पाण्यावर आडवी टाकायची, हात मांडीवर दाबायचे आणि सासू जाईपर्यंत हलायचं नाही. कारण चालत्या होडीला सासू आडवी भेटली की ती पालथी होते. हे आमच्या डोक्यात नसतं, हातांत असतं.

माझे हात थांबले. दांडी मांडीवर आली. मी श्वास धरला आणि बसून राहिले. मागे एदेल्मिराने थर्मास छातीशी धरला आणि पाय फाकवून उभी राहिली. बाकावर रेमिहिओने दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबले. एवारिस्तोने दरवाज्याची चौकट पकडली. सगळं होडीघर गप्प, आणि त्या शांततेत फक्त ओतिलियाचा पंखा घोंगावत होता. बाहेर उतारावर पाणी आपटलं. एकदा. दोनदा. मग मोठ्याने तिसऱ्यांदा.

"गेली सासू," एदेल्मिरा म्हणाली, आणि मी पुन्हा ओढायला लागले.

तेवढ्यात डॉक्टर ओरडले की बाई, थांबलात का, काही दुखतंय का. मग मला कळलं की मी कुठे आहे. उरलेलं अंतर मी जीव खाऊन ओढलं, कुणाचीही माफी न मागता. पाच मिनिटं छत्तीस सेकंद झाले.

ओतिलिया केव्हाच पास होऊन माझ्याकडे बघत होती. तिला काही कळेना.

"तुम्ही थांबलात कशाला?"

"लाट आली होती," मी म्हटलं.

"कुठे?"

"नदीत."

"पण तुम्ही तर इथे होता."

एवारिस्तोने डॉक्टरांना विनवलं की तिला पुन्हा बसू द्या. डॉक्टरांचा चेहराही पडला होता, पण त्यांनी माझी नाडी बघितली आणि मान हलवली. एकाला सूट दिली की रेमिहिओ रांगेत पहिला उभा राहील, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

घरी जाऊन मी स्वयंपाकघरात बसून रडले. मोठ्याने रडले, भांडी ऐकतील असं. मग रविवारच्या सहलीसाठी मांसाचे तळलेले काप केले, पावांत भरले आणि टोपलीत रचले. एदेल्मिराला कोरडा पाव गिळवत नाही आणि हे ओतिलियाला कोण सांगणार.

रविवारी मी धक्क्यावर गेले. होडी धरायला कुणीतरी लागतंच. आमची होडी जुनी, रुंद, तीन जागांची. दोन जागा वल्ह्यांच्या आणि शेपटाला तिसरी, सुकाणू धरणाऱ्याची, त्यांच्याकडे तोंड करून. त्या जागेवर आमच्याकडे आजवर फक्त टोपली बसली. मी टोपली तिथे ठेवली, ओतिलियाला हात दिला आणि ती माझ्या बैठकीवर बसली. माझी बैठक तिच्या खाली कुरकुरली, जशी माझ्या खाली कुरकुरते. मला वाटलं, निदान बैठकीने तरी इमान राखायचं होतं.

त्या निघाल्या आणि धक्क्यावर हशा पिकला. मशीनची दांडी एक असते, वल्ही दोन. ओतिलियाचे पाय राणीसारखे आणि हात एकमेकांवर आपटणारे. होडी मद्यप्याच्या चालीने पलीकडच्या काठाकडे निघाली. मीही हसले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

तेवढ्यात वळणावर भोंगा वाजला. एदेल्मिराची पाती आडवी झाली. पण वल्हवताना सगळ्यांची तोंडं मागे असतात. एदेल्मिरा ओतिलियाच्या पाठीशी होती आणि तिची हाक लाँचच्या आवाजात बुडाली. ओतिलिया पदकाला निघाल्यासारखी ओढत राहिली. एकीने थांबवलेली आणि एकीने पळवलेली ती होडी फिरून लाटांना आडवी व्हायला लागली. त्या होडीत माझा सगळा रविवार होता, आणि आता त्यात ओतिलियाही होती. मी धक्क्याच्या टोकाला धावले. गुडघा काही म्हणाला असेल तर मी ऐकलं नाही.

"ओतिलिया, भांडण बंद! हात मांडीवर!"

तिने माझ्याकडे बघितलं आणि हात मांडीवर दाबले. पाती आडवी पडली. जाऊ आली, होडी डुलली. नणंद आली, होडी उचलली गेली. सासू आली आणि बादलीभर पाणी ओतिलियाच्या मांडीवर ओतून निघून गेली. होडी सरळच्या सरळ. माझ्या मागे धक्क्यावर सगळा क्लब मांडीवर हात दाबून उभा होता.

त्या परत आल्या तेव्हा ओतिलियाच्या केसांतून पाणी गळत होतं आणि तिचं हसू थांबत नव्हतं. एक गुलाबी मोजा नदीने नेला होता. ती म्हणाली, "मला ही नदी हवी आहे, पण मला ती ऐकू येत नाही. तू ऐक आणि मला सांग."

पहिल्यांदाच ती मला तू म्हणाली. एदेल्मिराने शेपटाच्या जागेवरची टोपली उचलली आणि माझ्याकडे बघितलं.

सुकाणूवर आमच्याकडे हलकी पोरं बसवतात. मी मनात म्हटलं, सुलेमा, दुधाची तहान ताकावर. मग सगळ्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. ते हातात भाजलेल्या सॉसेजचा पाव घेऊन उभे होते. मी विचारलं, नियमात काय आहे, वल्हं की होडी. त्यांनी घास चावत बराच विचार केला.

"वल्हं," ते म्हणाले. "सुकाणूची दोरी म्हणजे काही वल्हं नव्हे." मग रेमिहिओकडे बोट करून म्हणाले, "याला मात्र विचारू नका."

मी बसले, ओली टोपली मांडीवर, सुकाणूच्या दोऱ्या हातांत, ओतिलियाचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागत होते. मी म्हटलं, भांडायला जा. एदेल्मिराचे खांब आणि ओतिलियाची पदकं एकदम निघाली आणि माझी मान मागे गेली. अशी होडी आमची कधी पळाली नव्हती. मी म्हटलं, आता माफी, हळू, आणि मग आठवलं की एक माझ्याकडेही राहिली आहे.

"ओतिलिया," मी म्हटलं, "तुझ्या मोज्यांबद्दल मी फार वाईट बोलले गं."

"ऐकलंय मी," ती म्हणाली. "पाठ सरळ झाली का माझी?"

"झाली."

मग मी नजर वर उचलली. वल्हवणाऱ्याला नदी फक्त मागे पळताना दिसते. पन्नासाहून जास्त वर्षं मी तिला पाठमोरी जाताना बघत आले होते. आता ती समोरून माझ्याकडे येत होती, पिवळट, रुंद, दोन्ही काठांवर वाळुंजांना नवी पालवी, आणि जिथून जाणार ते सगळं आधीच दिसत होतं. मी मोठ्याने हसायला लागले. दोघींनी विचारलं काय झालं, तर मी म्हटलं, तुम्ही ओढा.

वळणापाशी झाडांच्या फटीतून मला लाँचचं पिवळं छप्पर दिसलं. भोंगा अजून वाजला नव्हता.

"लाट," मी म्हटलं.

चारही पाती एका वेळी पाण्यावर आडवी पडली.